गेमिंग पीसीत चार ड्राइव्ह: कुठला कुठे लावायचा आणि कशाला वापरायचा

प्रश्न थोडक्यात असा: पीसीत ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) एसएसडी आहे, विंडोज तिच्यावर आहे. २ टीबीची दुसरी एनव्हीएमई आणि ४ टीबीची हार्ड डिस्क नवीन घेतली आहे. जुन्या पीसीतून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्कही हाताशी आहे, तिच्यावर जुनी विंडोज तशीच पडून आहे. चारही एकत्र लावता येतील का, रेड (अनेक ड्राइव्ह जोडून एकासारखे वापरणं) करावं का, आणि गेम कुठे टाकायचे?

लावता येतील. रेड करू नका. गेम २ टीबीच्या एसएसडीवर टाका. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कामाची वाटणी ठरवा, कारण नंतर हलवाहलवी करण्यातच जास्त वेळ जातो.

५०० जीबीवर विंडोज, ड्रायव्हर, ब्राउझर आणि गेमचे लाँचर, एवढंच ठेवा. २ टीबीवर फक्त गेम. ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग, फोटो, व्हिडिओ, जुने हलके गेम आणि सध्या खेळत नसलेले मोठे गेम. १ टीबीच्या जुन्या डिस्कवर बॅकअपची जादा प्रत ठेवा, पण एखाद्या गोष्टीची एकुलती एक प्रत तिच्यावर कधीच नको. वय झालेली डिस्क आहे, तिच्यावर विसंबायचं नसतं.

गेम हार्ड डिस्कवर का नकोत? ७२०० आरपीएमची चांगली हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. हा आकडा वाईट नाही, पण गेम सलग वाचत नाहीत. ओपन वर्ल्ड गेममध्ये गाडी पळवताना पुढच्या रस्त्याचे हजारो छोटे तुकडे डिस्कच्या वेगवेगळ्या जागांवरून मागवले जातात. दर वेळी हेड हलणार, तबकडी फिरून योग्य जागा खाली येणार, यात १० ते १५ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचनं होतात. अगदी छोट्या तुकड्यांसाठी तीच डिस्क सेकंदाला १ एमबीच्या आसपास येऊन बसते. मग भिंतींचे टेक्स्चर उशिरा उमटतात आणि चालता चालता गेम अडखळतो. स्टारफील्डने किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली आहे आणि सायबरपंक २०७७ नेही २०२३ मध्ये किमान गरजेतून हार्ड डिस्क काढून टाकली, ती याचमुळे. एक गैरसमज मात्र नको: एसएसडीने सरासरी एफपीएस वाढत नाही. लोडिंग कमी होतं आणि अडखळणं जातं.

याच हिशेबात साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक जाहिरातीत दिसतो तितका नाही. साटा सुमारे ५५० एमबी देते, पीसीआयई (बोर्डावरची वेगवान जोडणी) ३ ची एनव्हीएमई ३५००, पीसीआयई ४ ची ७००० पर्यंत. तरी बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये फरक काही सेकंदांचाच पडतो, कारण अडथळा तोवर प्रोसेसरकडे सरकलेला असतो. डायरेक्टस्टोरेज (ड्राइव्हमधून डेटा झटपट वाचण्याची विंडोजची सोय) वापरणाऱ्या गेममध्ये एनव्हीएमईचा फायदा जास्त, पण असे गेम अजून थोडे आहेत. कुठे जुनी साटा एसएसडी पडली असेल तर तीही गेमसाठी खुशाल वापरा.

आता रेड. रेड ० मध्ये दोन ड्राइव्ह जोडून एक मोठा, वेगवान ड्राइव्ह होतो. सलग वाचनाचा आकडा दुप्पट दिसतो, गेमला त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि दोनांपैकी कुठलाही एक गेला की दोन्हींवरचं सगळं जातं. एक गेला की सगळं जाण्याचा धोका विंडोजमधल्या ‘स्पॅन्ड व्हॉल्यूम’मध्येही तसाच. वेगवेगळ्या आकाराचे आणि वेगाचे ड्राइव्ह असताना तर हा विचारच सोडा. रेड १ ला, म्हणजे दोन ड्राइव्हवर एकच माहिती ठेवण्याला, निदान अर्थ आहे, पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी उडते, त्यामुळे तो बॅकअप नव्हे.

एसएसडीचं पार्टिशनही करत बसू नका. १०० जीबीचा ‘सी’ आणि उरलेला ‘डी’ ही सवय जुन्या दिवसांची आहे. आज तो ‘सी’ विंडोज अपडेट आणि शेडर कॅशेनेच भरतो, आणि मग बाजूच्या ‘डी’तली रिकामी जागा नुसती बघत बसावी लागते. एक ड्राइव्ह, एक पार्टिशन.

बोर्डावर एम.२ चे (छोटी एसएसडी थेट बसवायचे) दोन-तीन स्लॉट दिसतात म्हणून ते सारखे असतात असं नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ग्राफिक्स कार्डाच्या वरचा, प्रोसेसरजवळचा स्लॉट बहुधा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, बाकीचे चिपसेटमार्फत जातात. अनेक बी५५० बोर्डांवर वरचा स्लॉट पीसीआयई ४ आणि खालचा पीसीआयई ३ असतो. काही इंटेल बोर्डांवर अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तरच वरचा स्लॉट चालतो. दहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर तो मुका राहतो, कारण त्या पिढीत एम.२ साठी वेगळ्या लेनच (डेटा जाण्याच्या वाटा) नाहीत. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की दोन साटा पोर्ट बंद होतात, असे बोर्ड भरपूर आहेत. काल चालणारी हार्ड डिस्क आज गायब होते, आणि माणूस डिस्क मेली म्हणून हळहळतो. केबल शेजारच्या पोर्टात लावली की ती जिवंत.

म्हणून बोर्डाच्या मॅन्युअलमधलं स्टोरेजचं पान उघडा. तिथे तक्त्यात किंवा तळटीपेत लिहिलेलं असतं: अमुक स्लॉट वापरात असेल तर तमुक पोर्ट बंद. तो स्लॉट एनव्हीएमईच घेतो की साटा प्रकारची एम.२ सुद्धा, हेही तिथेच कळतं. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. साटावाल्या बहुतेक एम.२ ला टोकाकडे दोन खाचा असतात, एनव्हीएमईला साधारणपणे एक. पण खाचांवर पूर्ण भरवसा नको, लेबल वाचा. एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये साटावाली बसते, पण दिसत नाही.

एम.२ स्लॉट कमी पडत असतील तर चार लेनचं साधं अ‍ॅडॉप्टर कार्ड मोकळ्या पीसीआयई स्लॉटमध्ये चालतं, ड्रायव्हर लागत नाही. एकाच कार्डावर दोन-चार एनव्हीएमई बसवणारी स्वस्त कार्डं मात्र बोर्डात बायफर्केशनची (एका स्लॉटच्या लेन अनेक ड्राइव्हना वाटण्याची) सोय असेल तरच चालतात, नाहीतर एकच ड्राइव्ह दिसतो.

बसवताना एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. एम.२ सुमारे ३० अंशांच्या तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवायची, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबून स्क्रू. ड्राइव्हच्या मापाचा आकडा २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. त्या लांबीच्या भोकावर स्टँडऑफ (स्क्रूचा छोटा खांब) आहे ना ते आधी बघा, नसेल तर ड्राइव्ह वाकतो. हीटसिंक लावताना थर्मल पॅडवरची पातळ प्लॅस्टिकची पट्टी सोलून काढा. ती राहून गेली की हीटसिंक असूनही ड्राइव्ह तापतो आणि मोठी कॉपी करताना वेग मध्येच घसरतो. ग्राफिक्स कार्डाखालच्या स्लॉटमध्ये तापमान तसंही जास्त असतं. रोज सर्वांत जास्त वाचन-लेखन होणारा ड्राइव्ह तिथे ठेवू नये.

वरचा वेगवान स्लॉट विंडोजला द्यायचा की गेमना? दोन्ही ड्राइव्ह पीसीआयई ३ चे असतील तर काहीही करा. २ टीबीवाली पीसीआयई ४ ची असेल तर तीच वर लावा. विंडोज खालच्या स्लॉटवर गेल्याने हाताला फरक जाणवणार नाही, आणि जागा बदलली तरी ती नेहमीसारखी सुरू होते. फार तर बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) बूटचा क्रम एकदा पाहावा लागेल. ‘सी’ बिटलॉकरने एन्क्रिप्ट असेल तर मात्र कॅबिनेट उघडण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. हार्डवेअर किंवा बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.

हार्ड डिस्क आडवी किंवा उभी, कशीही चालते. तिरकी लोंबकळती नको. ३.५ इंची डिस्कला ६-३२ चे जाड आट्यांचे स्क्रू लागतात, २.५ इंची एसएसडीला एम३ चे बारीक. अदलाबदल करून जोर लावला की आटे जातात. ट्रेमध्ये रबरी वॉशर असतील तर ते फेकू नका. फिरत्या डिस्कची थरथर पत्र्याला लागली की पूर्ण कॅबिनेट घुमतं. दोन डिस्कच्या मध्ये जमलं तर एक खण मोकळा सोडा. तापमान ४० च्या आतबाहेर ठीक. ५० च्या वर राहत असेल तर समोरच्या पंख्याची हवा तिथवर पोचत नाही.

वीज हा भाग घाईत उरकला जातो, आणि नेमकं तिथेच ड्राइव्ह कायमचे जळतात. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल एकमेकांना चालत नाहीत. ड्राइव्हकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात सहज बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन त्या केबलवरचे सगळे ड्राइव्ह एका झटक्यात जातात. केबल त्याच एसएमपीएसच्या डब्यातली आहे याची खात्री नसेल तर ती वापरूच नका.

ताकदीची चिंता तितकी नाही. हार्ड डिस्क सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २०-२५ वॉट ओढते, नंतर ५ ते ८ वॉटवर येते. दोन डिस्क एका केबलवर आरामात चालतात. जोड कमी पडले तर एसएमपीएसची दुसरी साटा केबल लावा. मोलेक्सवरून साटा करणारे, प्लॅस्टिक ओतून बंद केलेले स्वस्त कनेक्टर टाळा. त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होण्याचे आणि कनेक्टर वितळण्याचे प्रकार होतात.

डेटाची साटा केबल पोर्टात ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, काटकोनात मुडपू नका. एका केबलवर एकच ड्राइव्ह. सर्व्हरसाठी बनवलेली किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेली डिस्क असेल आणि ती फिरतच नसेल, तर बहुधा साटाच्या ३.३ व्होल्टच्या पिनची भानगड असते. काही डिस्क त्या पिनवर वीज आली की स्वतःला बंद ठेवतात. ३.३ व्होल्टची तार नसलेल्या साटा केबलवर ती लावून बघा.

आता जुनी १ टीबी. तिच्यावर जुनी विंडोज आहे, म्हणून ती सगळ्यात शेवटी लावा. लावल्यावर पीसी जुन्याच विंडोजवर सुरू झाला तर घाबरू नका, बायोसमध्ये बूटच्या क्रमात ५०० जीबीवरचं ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणा.

इथे एक तपासणी जरूर करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. ज्या पट्टीवर ‘सी’ आहे तिच्यावरच ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ असं लिहिलेला १०० एमबी किंवा थोडा मोठा तुकडा दिसला पाहिजे. तो दुसऱ्याच डिस्कवर असेल, तर ती डिस्क काढली किंवा मेली की विंडोज सुरू होणार नाही. हे घडतं कारण विंडोज टाकताना इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन सापडलं तर तो तेच वापरतो आणि विचारतही नाही. उपाय आहे: ‘सी’ थोडा लहान करून तिथेच फॅट३२ चं छोटं ईएफआय पार्टिशन बनवायचं आणि ‘बीसीडीबूट’ आज्ञेने बूटच्या फाइल तिथे लिहायच्या. पण नव्याने विंडोज टाकायचीच असेल तर त्याहून सोपं म्हणजे त्या वेळी फक्त ५०० जीबी जोडलेली ठेवा, बाकी सगळ्यांच्या केबल काढा, आणि दुसरी एनव्हीएमईही बाहेर ठेवा. नव्या इंटेल बोर्डांवर इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नसेल तर बायोसमधलं ‘व्हीएमडी’ बंद करा. चालू विंडोजमध्ये मात्र ते किंवा एएचसीआय-रेडची निवड बदलू नका, निळा पडदा येईल.

जुन्या डिस्कवरचे फोटो, दस्तऐवज आणि गेमचे सेव्ह आधी ४ टीबीवर काढून घ्या. जुन्या यूजरच्या फोल्डरला परवानगी नाही म्हणेल, ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा, परवानग्या बदलायला वेळ लागतो. मग डिस्क पूर्ण पुसा. डिस्क मॅनेजमेंट ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशन उडवू देत नाही, त्यासाठी ‘डिस्कपार्ट’मधली ‘क्लीन’ आज्ञा लागते. ही आज्ञा दुसऱ्यांदा विचारत नाही. डिस्कचे क्रमांक दर सुरुवातीला तेच राहतील असंही नाही, त्यामुळे कालचा ‘डिस्क १’ आज दुसराच कुणी असू शकतो. आकारावरून ओळखा: तुमच्या चार ड्राइव्हांचे आकडे तिथे अनुक्रमे साधारण ४६५, १८६३, ३७२६ आणि ९३१ जीबी असे दिसतील. सारख्या आकाराचे दोन ड्राइव्ह असते तर दुसऱ्याची केबल काढूनच हे काम करायला सांगितलं असतं.

आकडे कमी का दिसतात, हे पुढे विचारलंच जाईल. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत भागते. ४ टीबीचे ३.६३ दिसले तर काही गेलेलं नाही.

नवीन ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, ही सर्वांत वारंवार येणारी तक्रार. कोरा ड्राइव्ह दिसतच नसतो. डिस्क मॅनेजमेंट उघडताच ‘इनिशियलाइज’ करायचं का असं तो विचारेल, तिथे जीपीटी निवडा. एमबीआर निवडलं तर ४ टीबीपैकी २ टीबीच वापरता येतात. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, अ‍ॅलोकेशन युनिट ‘डिफॉल्ट’, क्विक फॉरमॅट. अक्षर देताना गेमच्या ड्राइव्हला ‘जी’, हार्ड डिस्कला ‘एच’ असं लांबचं द्या आणि नावही लिहा. डिस्क मॅनेजमेंटमध्येही दिसत नसेल तर बायोस बघा. तिथेही नसेल तर केबल, पोर्ट किंवा स्लॉटचा प्रश्न आहे, विंडोजचा नाही.

स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मधून ‘जी’ आणि ‘एच’ दोन्ही जोडा, आणि ‘जी’ला डिफॉल्ट करा. खेळून झालेला गेम त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’मधून ‘एच’वर हलवता येतो. हार्ड डिस्कचा वेग १८० एमबी धरला तर १०० जीबीचा गेम दहाएक मिनिटांत जातो, छोट्या फाइल खूप असतील तर जास्त वेळ. परत डाउनलोड करण्यापेक्षा हे बहुतेकांना परवडतं. फाइल एक्सप्लोररने कट-पेस्ट करू नका, लाँचरला पत्ता लागत नाही. कधी सगळेच गेम अचानक ‘इन्स्टॉल’ असे दिसायला लागले तर आधी ड्राइव्हचं अक्षर बदललंय का बघा. अक्षर पूर्ववत केलं की गेम जागच्या जागी सापडतात, एक बाइटही उतरवावी लागत नाही.

गेमची एसएसडी काठोकाठ भरू नका, १०-१५ टक्के मोकळी ठेवा. स्टीम मोठा अपडेट लावताना जुन्या फाइलवरून नवीन फाइल बाजूला बांधतो, मग अदलाबदल करतो. त्यामुळे ५ जीबीच्या अपडेटला कधी ५० जीबी मोकळी जागा लागते. शिवाय टीएलसी आणि क्यूएलसी (एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवणाऱ्या) एसएसडी मोकळ्या भागाचा तात्पुरता वेगवान कॅशे म्हणून वापर करतात. जागा संपत आली की लिहिण्याचा वेग कोसळतो, क्यूएलसीत तर हार्ड डिस्कच्याही खाली.

रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर नेमकं शोभतं. ५० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तरी सेकंदाला ६ एमबीच्या थोडं वर, तासाला सुमारे २२ जीबी. ते सलग लिखाण आहे, त्यात हार्ड डिस्क तरबेज. ‘इन्स्टंट रिप्ले’सारखी सोय सतत डिस्कवर लिहीत असते, तिच्या तात्पुरत्या फाइलचं ठिकाणही ‘एच’वर न्या. पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती) मात्र ‘सी’वरच राहू द्या. आणि ‘व्हिडिओज’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर ‘एच’वर हलवायचे असतील तर आधी तिथे त्याच नावाचा फोल्डर बनवून त्यावर रोख द्या. थेट ड्राइव्हच्या मुळावर रोख दिला की पूर्ण ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ बनतो आणि परत निस्तरताना नाकी नऊ येतात.

खेळता खेळता अधूनमधून पाच-सात सेकंद सगळं थिजतं आणि कॅबिनेटमधून डिस्क फिरायला लागल्याचा आवाज येतो? विंडोजने डिस्क झोपवली होती. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ बहुधा २० मिनिटांवर असतं, तिथे ० टाका. गेम एसएसडीवर असला तरी हा त्रास होतो, कारण कुठलाही एक प्रोग्रॅम हार्ड डिस्ककडे डोकावला की वाट बघणं आलं.

सेव्ह फाइल गेमच्या ड्राइव्हवर असतात असं धरून चालू नका. बहुतेक ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’त, म्हणजे ‘सी’वर पडतात. क्लाउड सेव्ह सगळ्या गेमना नसतं. विंडोज परत टाकण्याआधी हे तिन्ही फोल्डर ‘एच’वर आणि १ टीबीवर उतरवून घ्या. गेम पुन्हा मिळतात, दोनशे तासांची प्रगती मिळत नाही.

शेवटी जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींचे कच्चे आकडे पाहा. ते सोळाच्या पटीतल्या पद्धतीने दिसत असतील तर सेटिंगमधून दशमान करून घ्या. दोन्ही शून्य असतील तर चालवा. पेंडिंग वाढत असेल तर त्या डिस्कवर आजपासून काही ठेवू नका. ‘अल्ट्राडीएमए सीआरसी एरर’ ही ओळ वेगळी: ती वाढली तर दोष बहुधा डिस्कचा नसून डेटा केबलचा किंवा सैल जोडाचा असतो. केबल बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही, तो तसाच राहणार, म्हणून तो टिपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. तेवढाच असेल तर काम झालं. वाढला असेल तर दुसरा पोर्ट वापरून बघा.